हाकलायची सवय होती, बोलवायला शिकले

आजऱ्याला आमचं शेत अगदी रानाच्या कडेला. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. मग बाबा आणि काका रात्री माळ्यावर राखणीला. दिवाळीच्या सुट्टीत हट्ट केला तर आम्हा पोरांनाही नेत. रॉकेलचा रिकामा डबा, एक काठी आणि बाबांची आरोळी, एवढंच हत्यार. डुक्कर दिसलं नाही तरी चालेल, पण ते लांब गेलं पाहिजे. बाबा सांगायचे, "बडव गं जोरात, झोपलीस काय!"

तीच मी 2025 च्या 20 जानेवारीला ॲरिझोनाच्या वाळवंटात, फड्या निवडुंगाच्या जाळीमागे गुडघ्यावर बसून, त्या डुकरांसारख्याच दिसणाऱ्या जनावरांचा कळप आपल्याकडे यावा म्हणून श्वास रोखून थांबले होते. हातात धनुष्य. इथवर यायला साधारण दहा महिने लागले. फिनिक्सच्या मराठी मंडळात मी शिकारीला जाते हे कळल्यावर तिघा-चौघांनी विचारलं, "हे करतात कसं? आपल्याला परवानगी असते का?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

जनावराचं नाव हॅवलीना. स्पेलिंग 'ज'ने सुरू होतं, पण शब्द स्पॅनिश, म्हणून उच्चार 'ह'. दिसायला डुक्कर, पण डुक्कर नव्हे. हे पेकरी. त्याचं कुळ अमेरिकेतलं, आपल्या रानडुकराशी फार दूरचं नातं. मागच्या पायाला डुकराला चार बोटं, याला तीन. वजन वीस-पंचवीस किलो. अंगावर राखाडी-काळे राठ केस, गळ्याभोवती पांढुरका पट्टा आणि कमरेवर, नसल्यासारख्या शेपटीच्या जरा वर, एक गंधग्रंथी. नजर अधू, नाक तिखट, कान बरे. खाणं म्हणजे फड्या निवडुंग, काट्यांसकट. फिनिक्सशेजारच्या चँडलरला आमच्या घरामागच्या ओढ्यात हे रात्री फिरतात, लोकांचे हॅलोवीनच्या सणाचे भोपळे फस्त करून जातात. माझी ओळख तिथलीच.

शिकारीचं खूळ डोक्यात घातलं ते ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. त्यांचं नाव लिहीत नाही. मनातल्या मनात मी त्यांना आबा म्हणते, इथेही तेच म्हणते. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, तरी पस्तीस वर्षं दर जानेवारीत हॅवलीनाच्या मागे जाणारे. एकदा डब्यात सुकं मटण नेलं होतं. ते खाऊन आबा म्हणाले, "हा मसाला हॅवलीनाला लावला तर काय होईल?" मी हसले. मार्च 2024 मधली गोष्ट.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द पेपरात अटकेच्या बातमीतच भेटतो. त्यामुळे इथे सरकारी खातं स्वतः शिकारीचे अर्ज मागवतं, किती जनावरं मारू द्यायची ते ठरवतं, त्या पैशातून खात्याचं काम चालतं, हे पचायला मला वेळ लागला. खात्याचं नाव ॲरिझोना गेम अँड फिश. आम्ही सगळे नुसतं 'गेम अँड फिश' म्हणतो.

पहिली अडचण व्हिसाची. मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सवलत आहे, पण रांगेत उभं असताना त्या सवलतीची परीक्षा घ्यायची माझी हिंमत नव्हती. धनुष्य त्या कायद्यात बंदुकीत मोडत नाही. म्हणून धनुष्य. लोकांना वाटतं मी काहीतरी पुरातन, शुद्ध वगैरे म्हणून ते निवडलं. नाही. कागदपत्रांच्या भीतीने निवडलं. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर वकिलाला विचारा, माझ्यावर जाऊ नका.

लायसन्ससाठी नागरिकत्व लागत नाही. सलग सहा महिने ॲरिझोनात राहत असाल आणि दुसऱ्या राज्यात रहिवासी म्हणून सवलत घेत नसाल, तर इथल्या दराने लायसन्स मिळतं. मी 37 डॉलर भरले. बाहेरच्या राज्यातल्यांना 160 पडतात, त्यामुळे टेक्सासच्या मावसभावाने लगेच बेत रद्द केला.

प्रौढांना शिकार-प्रशिक्षणाची सक्ती इथे नाही. तरी मी कोर्स केला, दोन कारणांनी. एक, मला काहीच येत नव्हतं. दोन, लायसन्स असलं तरी हॅवलीना मारायची परवानगी सोडतीतून मिळते, आणि कोर्स पूर्ण केला की त्या सोडतीत एक कायमचा बोनस पॉइंट मिळतो, म्हणजे नंबर लागायची शक्यता वाढते. ऑनलाइन धडे तीसेक डॉलरचे, मग मैदानातला एक दिवस. त्या दिवसाच्या जागा पटापट भरतात. मी मेमध्ये बघितलं तर जवळची तारीख ऑगस्टची होती. वर्गात बहुतेक दहा-बारा वर्षांची पोरं आणि त्यांचे बाप. कुंपण ओलांडताना हत्यार आधी पलीकडे कसं ठेवायचं, जनावरामागे टेकडीची पाठ आहे की मोकळं आभाळ ते कसं बघायचं, हे सगळं त्या पोरांच्या रांगेत उभं राहून शिकले. माझ्या शेजारच्या मुलाने मला त्याच्या डब्यातली द्राक्षं दिली.

धनुष्य घेताना घाई करू नका, हे मात्र जीव तोडून सांगते. कॉम्पाउंड बो म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. ताणताना मधे सगळा जोर लागतो आणि पूर्ण ताणलं की चाकं वळून भार एकदम हलका होतो. त्यामुळे ताणून धरून थांबता येतं. पण ते तुमच्या हाताच्या मापाचं लागतं. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत माप घ्यायचं, त्याला अडीचने भागायचं, साधारण तेवढी ताणाची लांबी. मी आधी ऑनलाइन एक जुनं धनुष्य घेतलं, ते दोन इंच लांब निघालं. दोरी दर वेळी कोपराच्या आत सपकन बसायची. जुलैभर डाव्या हातावर काळानिळा चट्टा घेऊन मीटिंगला बसत होते. शेवटी ते विकून दुकानात जाऊन नीट मापाचं वापरलेलं घेतलं, 380 डॉलरला. कायद्याने 30 पौंड ताण पुरतो, मी 42 वर ठेवला. बाणाच्या टोकाला पातं किमान सात-अष्टमांश इंच रुंद हवं, हाही नियम. सरावाचं गोल टोक आणि खरं पातं यांची उड्डाणं वेगळी असतात. माझं पातं वीस यार्डांवर चार बोटं डावीकडे जायचं. हे शिकारीच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा दोन महिने आधी कळलं ते बरं.

सराव बहुतेक पापागो पार्कच्या धनुर्विद्या मैदानावर, पहाटे साडेपाचला. फिनिक्सच्या उन्हाळ्यात दुसरी वेळच नाही. आबांचा नियम एकच होता. "वीस यार्डांवर दहातले नऊ बाण थाळीएवढ्या गोलात बसेपर्यंत अर्ज भरायचा नाही." सप्टेंबरच्या शेवटी बसले.

अर्ज. हॅवलीना, टर्की वगैरेंच्या पुढच्या वसंताच्या सोडतीची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. अर्जाचे 13 डॉलर लगेच कापतात, टॅगचे, म्हणजे एक जनावर मारायच्या परवान्याच्या चिठ्ठीचे, 25 नंबर लागला तरच. पाच पसंती देता येतात, पण पहिल्या दोनच खऱ्या, कारण सगळ्यांच्या पहिल्या दोन पसंती बघून झाल्यावर मग उरलेल्या तीन उघडतात. राज्याचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिलेत, त्याला युनिट म्हणतात. हॅवलीनाचे मोसम हत्यारानुसार वेगळे. धनुष्यवाल्यांना जानेवारीत पहिला मान, मग फेब्रुवारीत बाकीचे. मी पहिली पसंती 37-बी, धनुष्य, जानेवारी अशी दिली. फ्लोरेन्सच्या आसपासचं वाळवंट, घरून तासाभरावर.

निकाल जाहीर व्हायच्या आधी काही दिवस सगळे शिकारी क्रेडिट कार्डाचं खातं सारखं उघडून बघत बसतात. 25 डॉलर कापले गेले म्हणजे नंबर लागला. दहावीच्या निकालाआधी बोर्डात ओळख काढायचा प्रकार, दुसरं काय. एका ओळखीच्या माणसाचं कार्ड मधेच बदललं, पैसे कापले गेले नाहीत आणि लागलेला टॅग गेला. तेव्हा मुदतीनंतर कार्ड बदलू नका, बदललं तर आधी अर्जात नवा नंबर घाला. माझ्या खात्यावर एका गुरुवारी रात्री ते 25 डॉलर दिसले. नवरा म्हणाला, "अभिनंदन. पण घरात सोलायचं नाही."

नोव्हेंबर-डिसेंबर हिंडण्यात गेले. नऊ शनिवार, सगळे पायी. इथे 2022 पासून शिकारीसाठी रानात कॅमेरे लावायला बंदी आहे. खाणं टाकून मोठ्या जनावरांना ओढायलाही बंदी. म्हणजे माग काढायचा तो डोळ्यांनी. राज्य सरकारच्या ट्रस्ट लँड नावाच्या जमिनीवर एरवी परवाना लागतो, शिकार करताना लायसन्स खिशात असलं की पुरतं. खाजगी जमिनीवर पाटी दिसली की मागे फिरायचं.

हायवे 79 वर टॉम मिक्स या जुन्या मूकपटांच्या काऊबॉय नटाचं स्मारक आहे. 1940 मध्ये तिथे त्याची गाडी उलटून तो गेला. त्या भागात मी गाडी लावायची आणि ओढ्याने वर चालायची. ओढा म्हणजे वाळूचं कोरडं पात्र. आजऱ्याच्या मुलीला पाण्याशिवाय ओढा हा शब्द जिभेवर येत नाही, पण दुसरा शब्द नाही. झाडं मात्र ओळखीची निघाली. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड. घायपात तर बांधावरची. निवडुंगाची फडी अर्धवट चावलेली, आतले धागे लोंबताहेत आणि कडा अजून ओल्या, म्हणजे कळप त्याच दिवशी येऊन गेला. कडा वाळून तपकिरी, म्हणजे जुनं. खुराचा ठसा हरणापेक्षा बुटका आणि बोथट. आणि वास. ओढ्याच्या वळणावर एकदम घामट, कुबट, काहीतरी जळल्यासारखा वास आला की थांबायचं. बऱ्याचदा डोळ्यांआधी नाकाला सापडतात.

एक छोटी गोष्ट, पण फार उपयोगाची. खिशात केसांची फणी ठेवा. चोया नावाचं निवडुंग आहे, त्याचे काटेरी गोळे नुसता धक्का लागला की कपड्याला, कातडीला चिकटतात. हाताने काढायला गेलात तर हातात. फणी खालून घालून झटका द्यायचा. मी पहिल्या दिवशी पोटरीतला गोळा काढताना दोन्ही हातांना लावून घेतला आणि गाडीपर्यंत रडत आले.

आता कॉलचं. तोंडाने वाजवायची एक पिपाणी असते, आत पातळ पट्टी. वीस डॉलरची. त्यातून हॅवलीनाच्या पिल्लाची किंकाळी काढायची. पिल्लू कोणीतरी धरलंय, असा आवाज. तो ऐकून कळपातली मोठी जनावरं पळून जाण्याऐवजी उलट आवाजाकडे धावत येतात. केस फिसकारलेले, दात वाजवत. मला हे आधी खरं वाटेना. आमच्याकडची डुकरं डब्याच्या आवाजाने पळायची. आबा म्हणाले, "पळणारी पळतात. जी येतात ती पिल्लासाठी येतात."

त्याच सुमारास मी एक वाचलं आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं. 2017 मध्ये प्रेस्कॉटकडच्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या घरामागे हॅवलीना मरून पडली. त्याने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिथे कॅमेरा लावला. कळपातली जनावरं जवळपास दहा दिवस तिच्याकडे येत राहिली. तिला नाकाने ढकलत, उचलायला बघत, शेजारी झोपत, कोल्ह्यासारखे कायोटी आले तर त्यांना हुसकावून लावत. शास्त्रज्ञांनी त्याच्यावर निबंधही छापला. मी हे आबांना दाखवलं. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणूनच कॉल चालतो. हे ठाऊक असून जायचं असेल तर जा. नसेल तर टॅग भिंतीवर लाव." यापुढे त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. पण गाडीत पिपाणीचा सराव करताना दर वेळी आठवायचं. आमची चिमी मागच्या सीटवर कान झाकून ओरडायची, "आई, ते बाळ रडतंय, बंद कर!"

मोसम 1 जानेवारीला उघडला. 4 आणि 5 तारखेला, शनिवार-रविवार, एकटी गेले. पहाटे तीन-चार अंश. सूर्य साडेसातला वर येतो, पण त्याआधी अर्धा तास टेकडीवर जाऊन बसायचं आणि समोरच्या उतारांवर दुर्बीण फिरवायची. थंडीत हॅवलीना पहिल्या उन्हाच्या उतारावर अंग शेकायला येतात. दुर्बीण हातात धरली तर काही दिसत नाही, तिपाईवर लावा. दोन दिवसांत मला दिसली तीन हरणं, एक कायोटी आणि चारशे काळे दगड. प्रत्येक दगड पाच मिनिटं बघितल्यावर दगडच निघाला.

11 जानेवारीला दगडाने मान हलवली. आठ-चाळीसला, पाऊण किलोमीटरवर, नऊ जनावरं. मी पिठीची बाटली काढली. वारा बघायला लोक विकतची पावडर वापरतात, माझ्याकडे जुन्या थेंबांच्या बाटलीत तांदळाची पिठी होती. दाबली की पांढरा ढग कुठे जातो ते दिसतं. सकाळी गार हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. ती वेळ बदलायची होती, म्हणून घाई केली. ओढ्यातून वाकून चालत साठ-सत्तर पावलांवर पोचले. आबांनी त्या दिवशी गुडघ्यामुळे गाडीतच बसून राहायचं ठरवलं होतं. मी पिपाणी तोंडात धरली आणि वाजवली.

पुढचे दहा सेकंद मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. समोरचं झुडूप फुटलं. सहा जनावरं धुरळा उडवत टेकडीवर. आणि तीन सरळ माझ्याकडे. पाठीचे केस ताठ उभे, त्यामुळे दुप्पट मोठी दिसणारी. पहिली माझ्यापासून सहा पावलांवर गच्चकन थांबली. वरचे-खालचे सुळे एकमेकांवर घासून आवाज करतात, टक-टक-टक, लाकडी चिपळ्यांसारखा. तोंडाला फेस. तिचे डोळे माझ्याकडे होते पण मी तिला दिसत नव्हते. ती पिल्लू शोधत होती. ओठांत पिपाणी, उजव्या हाताने ती धरलेली, बाण दोरीवर लावलेला पण दोरी ओढायचा हूक मनगटाला लोंबतोय. मी पिपाणी सोडली, ती दगडावर पडून वाजली, आणि तिघीही हुफ् करून गेल्या. मी तिथेच खाली बसले. हात इतके थरथरत होते की पाण्याच्या बाटलीचं झाकण निघेना.

आबांना सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. "बोलवणारा एक, मारणारा दुसरा. दोन माणसांचं काम आहे हे. पुढच्या वेळी मी येतो, गुडघा गेला खड्ड्यात."

18 तारीख वाऱ्याने खाल्ली. दर पाच मिनिटांनी दिशा बदलत होता. दोन वेळा वाजवून बघितलं, कोणी आलं नाही.

20 तारखेला सोमवार, मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. मोसमाचे थोडेच दिवस उरले होते. आबा काठी टेकत आले. पहिल्या दोन जागी काहीच नाही. वीस-वीस मिनिटं बसलो, उठलो. तिसरी जागा ओढ्याच्या काठावर, निवडुंगाची दाट जाळी. ओल्या फडी होत्या आणि वास होता. वारा समोरून. आबा माझ्यामागे पंधरा पावलांवर बाभळीला टेकून बसले, म्हणजे जनावरांचं लक्ष त्यांच्याकडे जाईल आणि ती माझ्या कडेने जातील. मी हूक आधीच दोरीला लावून ठेवला.

त्यांचा कॉल माझ्यासारखा नव्हता. किंकाळी, मग हुंदके दिल्यासारखा तुटक आवाज, मग पुन्हा किंकाळी, मधे थांबणं नाही. थांबलं की ती फिरतात, म्हणून श्वास संपला तरी वाजवत राहायचं. चार मिनिटांनी डावीकडे वाळलेल्या शेंगा चुरडल्याचा आवाज आला. पाच आल्या. मला एकच धाक होता, मागे तांबडं पिल्लू असेल तर? हॅवलीनाची पिल्लं तांबूस असतात आणि वर्षात कधीही होतात, आणि नर-मादी लांबून ओळखता येत नाहीत. म्हणून पहिलीला जाऊ दिलं, दुसरीला जाऊ दिलं. दुसरीच्या मागे खरंच एक तांबडं काहीतरी पळत होतं. चौथी एकटी, आडवी, सतरा यार्डांवर उभी राहिली आणि आबांच्या दिशेने मान वर केली. मी ताणलं. कधी सोडलं ते आठवत नाही. टप्प असा आवाज आला, भिजलेल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा.

ती चाळीस पावलं पळाली आणि जाळीमागे गेली. आबांनी पिपाणी थांबवली, घड्याळ दाखवलं. अर्धा तास. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर उठून पळतं आणि मग सापडत नाही. मी त्या अर्ध्या तासात काही बोलले नाही. बाकीच्या चार गेल्या नव्हत्या. जाळीपलीकडे त्यांचं हुफ्-हुफ् चालू होतं, थोडं लांब, पुन्हा जवळ. एक दोनदा आत येऊन गेली. तेव्हा आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी विचारलं नाही का ते.

रक्ताचा माग स्पष्ट होता. ती निवडुंगाखाली पडली होती, गेलेली. म्हातारा नर निघाला, सुळे झिजलेले. ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या वाटण्याचीही लाज वाटली. हात लावण्याआधी टॅग. तो लगेच जनावराला लावायचा, हे पहिलं काम. फोटोबिटो नंतर. खाण्यालायक मांस रानात टाकून देणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे वाटेल तेवढं घेऊन बाकी सोडलं असं चालत नाही.

सोलताना एकच गोष्ट सांभाळायची, ती कमरेवरची ग्रंथी. ती कातड्याला चिकटलेली असते, कातडं ओढलं की त्याच्याबरोबर येते. मुद्दाम कापून काढायला जाऊ नका. ज्या हाताने केसांना हात लावला त्या हाताने मांसाला हात लावायचा नाही. मी चार जोड हातमोजे नेले होते, चारही लागले. दोन सुऱ्या ठेवा, एक कातड्याला, एक मांसाला. पिसवाही असतात, हे कोणी सांगत नाही. थंड पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, सुटा बर्फ वितळून मांस भिजवतो. तासाभरात काम आटोपलं. आबांनी एक मांडी घेतली, बाकी मी.

नवऱ्याच्या अटीप्रमाणे घरात सोललं नाही, पण शिजवलं. खांदा कुकरला नाही, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तीन तास, कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, तीळ. चव डुकरासारखी नाही. चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे घाई केली की रबर. नीट शिजवणं सुरक्षिततेसाठीही गरजेचं आहे. चिमीने दोनदा घेतलं. नवऱ्याने रस्सा तेवढा घेतला आणि तुकडे बाजूला सारले. आईला फोनवर सांगितलं, ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अगं, बाबांनी जन्मभर हाकलली गं ती." मग विचारलं, "खोबरं भाजून घातलंस ना?"

खर्च विचारणाऱ्यांसाठी: लायसन्स, अर्ज आणि टॅग मिळून 75. कोर्स 30. धनुष्य 380, डझनभर बाण 110, पाती 45, दोरीचा हूक 60, पिपाणी 20, दुर्बीण 160. एकूण 880 डॉलर, पेट्रोल वेगळं. त्यात विकलेल्या पहिल्या धनुष्याचा तोटा धरलेला नाही, तो नवऱ्यालाही सांगितलेला नाही. पुढच्या वर्षी फक्त ते 75.

मार्चमध्ये आबांचा उजवा गुडघा बदलला. एका अर्जावर चौघांपर्यंत नावं घालता येतात, नंबर लागला तर सगळ्यांचा लागतो. यंदा आम्ही एकत्र अर्ज भरतोय. त्यांचं म्हणणं, त्यांना आता बसून बाण मारायचाय आणि वाजवायचं काम माझं. त्यांच्यासारखे ते मधले हुंदके मला अजून जमत नाहीत. रोज रात्री गॅरेजचं दार लावून दहा मिनिटं बसते. शेजारचा कुत्रा पहिले दोन आठवडे भुंकायचा. आता दाराशी येऊन कण्हतो, आणि शेजारीणबाई विचारत होत्या, तुमच्याकडे बाळ झालंय का.